लाल टाचणीसाठी स्थळ

लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा माझी अशी ठाम समजूत होती की माझ्याइतकी शिकलेली सून रावपुऱ्यातल्या त्या गल्लीने अजून पाहिलेली नाही. करजणच्या मुलींच्या शाळेत मी मराठीत पहिली यायचे, गुजरातीतही पहिली यायचे, आणि वडील वहिवाटदार कचेरीत असल्यामुळे तिथल्या टपालावरून इंग्रजी अक्षरंही उचलली होती. एवढ्या भांडवलावर एखादी पोर किती ताठ चालू शकते हे बघायला लोकांनी तिकीट काढलं असतं. आज ती माझ्यासमोर आली तर मी तिला आधी खाली बसवीन, पाणी देईन आणि म्हणेन, बाई गं, जरा वाक, चौकट लागेल डोक्याला.

घरात माणसं मोजकी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांची थोरली बहीण, आत्याबाई, फार लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. डोकं बोडकं, अंगावर लाल आलवण, आणि अख्खं घर त्यांच्या जिभेच्या टोकावर. आमचे हे हुजूर कचेरीत नोकरीला. कीटकसृष्टीत यांना डासांपलीकडे रस नव्हता, आणि तोही मारण्यापुरता. सासूबाई मी यायच्या काही वर्षं आधीच गेल्या होत्या.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मामंजींनी मला त्यांच्या खोलीच्या दाराशी बोलावलं.

"सूनबाई, अक्षर बारीक काढता येतं का?"

"मोत्यासारखं येतं," मी म्हटलं. आत्याबाई मागे खोकल्या. तो खोकला नव्हता.

"मोती नकोत. मोहरी हवी," मामंजी म्हणाले आणि नखाएवढा कागदाचा तुकडा माझ्या हातात दिला.

अशी मी टाचण्यांच्या कामाला लागले. टाचणी म्हणजे चतुराची नाजूक बहीण. चतुर बसला की पंख पसरून बसतो, टाचणी बसली की पंख पाठीवर मिटून घेते, एवढं तर मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी मनात म्हटलं, संपलं की शास्त्र! दुसऱ्या दिवशी कळलं की टाचण्यांतही घराणी आहेत, घराण्यांत कुळं आहेत, कुळांत घरं आहेत, आणि कोणती कुठल्या घरची हे पंखांतल्या शिरांच्या जाळीवरून ठरतं. मामंजी भिंग धरून एकेक चौकट मोजायचे आणि मी लिहायचे. माझी चौकट नेहमी एक तरी जास्त भरायची. "सूनबाई, तुम्ही नसलेली टाचणी लिहिताय," ते म्हणायचे, पण रागावून नाही.

शिवाय मेलेली टाचणी रंग सोडते. जिवंतपणी निळीशार असलेली, कागदाच्या घडीत गेली की दुसऱ्या दिवशी भिजलेल्या काडीसारखी काळपट. म्हणून रंग आधी लिहायचा, मग तिला औषधाच्या बाटलीत टाकायचं. मी एकीच्या रंगाला "बांगडीच्या काचेसारखा" असं लिहिलं. मामंजींनी विचारलं, "कुठल्या बांगडीच्या?" मी हात पुढे केला. त्यांनी भिंगातून माझी बांगडी पाहिली आणि म्हणाले, "ही फुटली की हे वाचणाऱ्या विलायतेतल्या माणसाने काय करायचं?"

पण खरा गोंधळ नावांचा. प्रत्येक टाचणीला लॅटिन भाषेतली दोन नावं.

"पहिलं आडनाव, दुसरं तिचं स्वतःचं," मामंजींनी समजावलं.

"आडनाव आधी?"

"आधी."

"आणि वडिलांचं?"

"ते नसतं."

मला ते फारच उघडंवाघडं वाटलं. बिनबापाच्या एवढ्या मुली, आणि मोहरीएवढ्या अक्षरात मी त्यांची नावं लिहीत होते! वर अर्थ विचारायची सोय नव्हती, कारण मी पहिल्याच दिवशी "इंग्रजी येतं" असं सांगून बसले होते. लॅटिन म्हणजे जुनं इंग्रजी असावं अशी माझी समजूत, आणि ती मी वर्षभर कुणाला कळू दिली नाही.

त्याहून अवघड होता शेपटीचा प्रकार. टाचणीच्या नराला शेपटीच्या टोकाला बारीक चिमटा असतो. त्या चिमट्याने तो मादीची मान धरतो, आणि एका जातीचा चिमटा दुसऱ्या जातीच्या मानेत नीट बसत नाही. म्हणून जात ओळखायची तर नराचा चिमटा बघावा लागतो. आता हे सासऱ्यांनी सुनेला सांगायचं कसं? मामंजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "त्याच्याकडे एक किल्ली असते. तिच्याकडे... एक कुलूप असतं." मी मान डोलावली आणि दोन दिवस भिंग घेऊन टाचण्यांच्या अंगावर कुलूप शोधत बसले. शेवटी यांना विचारलं. हे इतके हसले की आत्याबाईंनी बाहेरून विचारलं, "काय झालं रे?" आणि दोघांनाही उत्तर देता येईना.

एकदा एका टाचणीच्या कागदावर मामंजींनी मला आधी लिहिलेलं नाव खोडून दुसरंच लिहायला सांगितलं.

"हिचं नाव बदललं?"

"बदललं नाही, सापडलं," ते म्हणाले. "एका साहेबाने हिला एक नाव दिलं. पुढे दुसऱ्याला ही सापडली, त्याला पहिल्याचं ठाऊक नव्हतं, त्याने दुसरं दिलं. तिसऱ्याने तिसरं. अशा वेळी नियम असा, की जे सर्वांत आधी छापलं गेलं ते खरं. मागून दिलेली त्याच्याखाली जातात."

"पहिलं वाईट असलं तर?"

"तरी तेच."

"नंतरचं जास्त शोभत असलं तर?"

"सूनबाई, पहिलं ते पहिलं. कुणाला आवडो न आवडो."

मी विचारात पडले. नुकतंच माझं लग्न झालं होतं. आमच्याकडे रीत अशी की लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या घटकेपासून माहेरचं नाव मागे पडतं. यांनी लिहिलं तेव्हा मी वाकून पाहिलं होतं. अक्षर फार वाईट होतं. म्हणून मी सरळ विचारलं, "मग मामंजी, बायकांचं उलट का?"

मला वाटलं मी एक बिनतोड शास्त्रीय शंका काढली आहे. मामंजींनी भिंग पुसलं, डबीत घातलं, पुन्हा बाहेर काढलं. मग म्हणाले, "आज एवढं पुरे." मी स्वयंपाकघरात जाऊन आत्याबाईंना अभिमानाने सांगितलं की आज मी मामंजींना निरुत्तर केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हातातली वाटी मी खाली ठेवली.

त्याचं कारण कळलं ते लाल टाचणीमुळे.

गोरव्याला तेव्हा कारखाने नव्हते. शेतं होती आणि एक तळं होतं. श्रावण सरता सरता मामंजी टांगा करून तिथे जायचे, डोक्याला पगडी, हातात मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, आणि अलीकडे बरोबर मी, डोक्यावरचा पदर सावरत. म्हशी राखणारा म्हातारा दर वेळी विचारायचा, "साहेब, शुं पकडो छो?" आणि मामंजी दर वेळी शुद्ध गुजरातीत शास्त्र सांगू लागायचे. म्हातारा पूर्ण ऐकून घ्यायचा आणि पुढल्या खेपेला पुन्हा तेच विचारायचा. मला वाटतं त्याला ऐकायला आवडत असावं.

त्या तळ्याच्या काठच्या गवतात अगदी चिमुकल्या टाचण्या होत्या, शिवणाच्या सुईहून आखूड. एक हिरवी. तिचा नर माहीत होता, चिमटा माहीत होता, नाव कधीचंच ठरलेलं होतं. तिचा संसार रीतसर होता. आणि तिच्याच शेजारच्या पात्यांवर एक लाल. कुंकवासारखी लाल. मामंजींना ती गेल्या तीन पावसाळ्यांपासून मिळत होती, पण जी मिळे ती मादीच. लाल नर एकही नाही. आणि नराशिवाय नवी जात म्हणून नाव द्यायचं तर विलायतेतले लोक पहिला प्रश्न विचारणार, हिचा नवरा कुठे आहे?

तेव्हापासून घरात वरसंशोधन सुरू झालं. मामंजी नुसते नवरे गोळा करत होते. निळा, पिवळा, काळा, काळ्यावर पिवळे पट्टे असलेला. प्रत्येकाचा चिमटा भिंगाखाली, आणि प्रत्येक वेळी, "हा नव्हे. हा दुसरीचा."

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "अरे, कशाला शोधतोयस? राहील की एकटी. माझ्याच रंगाची आहे, तिला सवय असेल."

मामंजी हसले नाहीत. "अक्का, या वर्षी मिळायला हवा," एवढंच म्हणाले.

मला ते फार विचित्र वाटलं. एका किड्याच्या लग्नाची एवढी घाई! दुपारी वाती वळताना मी आत्याबाईंना छेडलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या सासूचं माहेरचं नाव तुला माहीत आहे?"

"नाही."

"कुणालाच नाही. तुझ्या नवऱ्यालाही नाही. मला आहे आणि तुझ्या सासऱ्याला आहे, बस. ती लग्न होऊन आली तेव्हा तिचं आणि आमच्या आईचं नाव एकच निघालं. सासूचं नाव सुनेला कसं चालेल? म्हणून आईने सांगितलं ते नाव याने तांदळात लिहिलं. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं तेव्हा. पुढे सगळा जन्म त्या नावाने गेला. पण शेवटच्या दुखण्यात ती ताप चढून पडली होती, याने हाक मारली, पुन्हा मारली, डोळे उघडीना. तिचा भाऊ आला, त्याने जुन्या नावाने हाक मारली, तर उघडले की गं. भावाकडे बघितलं, याच्याकडे बघितलं. हा उभाच. हाक कशी मारावी तेच याला कळेना."

त्यांनी वात बाजूला ठेवली.

"त्या लालडीला तो तिचं नाव देणार आहे. माहेरचं. तिकडे एकदा छापलं गेलं की कुणाला पुसता येत नाही म्हणतो. खरं ना गं?"

"खरं," मी म्हटलं. ती बिनतोड शंका आठवली आणि मला त्या वातीत तोंड लपवावंसं वाटलं.

त्या दिवसापासून मी लाल टाचणीची वधूमाय झाले. नुसत्या इच्छेने नर मिळत नाही हे शास्त्र मला अजून कळलेलं नव्हतं.

भाद्रपदात पौर्णिमेच्या सुमाराला मामंजींना एक सुरेख लाल मादी मिळाली. मागचा डावा पाय तुटलेली, पण रंग असा की नुकती रंगाच्या हौदातून काढल्यासारखी. ते बाटली उघडणार एवढ्यात आत्याबाई आडव्या आल्या.

"उद्यापासून पितृपक्ष. या घरात जीव मारायचा नाही. नवमीला तिचं श्राद्ध आहे. कोण कुठल्या रूपाने येतं आपल्याला काय माहीत?"

"अक्का, ही टाचणी आहे."

"मग? टाचणीच्या रूपाने येऊ नये असं कुठे लिहिलंय?"

आत्याबाईंपुढे विलायतेचं काही चालत नसे. ठरलं की पंधरवडा सरेपर्यंत ही जिवंत ठेवायची. आत्याबाईंचं पितळी घंगाळ मी न विचारता उचललं, त्यात तळ्याचं पाणी आणि गवत घातलं, वरून वेताची कडी उभी करून जुनं मलमलचं धोतर ताणून बांधलं, आणि मागच्या पडवीत ठेवलं. खाण्यासाठी आत पिकून काळी झालेली केळी ठेवली, म्हणजे चिलटं जमतील. चिलटं जमली. घरभर जमली. "श्राद्धाची केळी सुनेने माश्यांना वाढली," असं आत्याबाई शेजारी सांगून आल्या.

माझ्या डोक्यात मात्र एक थोर कल्पना आली होती. नर आपण शोधायचा कशाला? चार स्थळं आत सोडू, ती स्वतःच पसंत करील. मी टांग्याने गोरव्याला गेले आणि वेगवेगळे नवरे पकडून आणून मलमलीखाली सोडले. मग पडवीत पाट टाकून बसले. नवरे एका कोपऱ्यात, लाल बाई दुसऱ्या कोपऱ्यात. तिने कुणाकडे ढुंकून पाहिलं नाही. कुणी जवळ आलं तर उडून पलीकडच्या पात्यावर.

हे कचेरीतून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "काय म्हणतेय मुलगी?"

"नाही म्हणतेय."

"हुंडा जास्त मागत असतील."

"अहो, थट्टा करू नका. तुमच्या आ..." आणि मी जीभ चावली. आत्याबाईंनी मला सांगितलं होतं ते यांना सांगायचं की नाही हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढचे काही दिवस घरात श्राद्धाची तयारी, तांदूळ निवडणं, वाल सोलणं, आणि मला पडवीत जायला फुरसत नाही. सकाळी केळं बदलायचं, मलमल ओली करायची, लांबूनच बघायचं की आहे ना, आणि पळायचं.

नवमीला पहाटेच अंघोळ करून मी पडवीत गेले, मलमल वर केली, आणि ओरडले.

लाल टाचणी नव्हती. तिच्या जागी एक हिरवी बसली होती.

सगळे धावले. हे पंचा नेसून ओल्या अंगाने. आत्याबाई सोवळ्यात, कुणाला शिवणार नाही अशा बेताने हात वर करून. मामंजी सर्वांत मागे.

"चोरी झाली," मी म्हटलं. "लाल काढून नेली आणि हिरवी ठेवली!"

"कोण नेईल?" हे म्हणाले.

आता माझी अक्कल बघा. मी सरळ आत्याबाईंकडे वळले. "आत्याबाई, तुम्हीच तिला सोडून दिलीत. एकटी राहील म्हणत होता. तुम्हाला तिची दया आली."

"मी?" आत्याबाई म्हणाल्या. "बाटलीतून वाचवली ती मी, आणि सोडीन? आणि सोडली तर सोडली, हिरवी कशाला आणून ठेवीन? मला दुसरं काम नाही?"

"मला कळू नये म्हणून!"

"अगं, तुला कळतं कुठे काय, की तुझ्यापासून लपवावं लागेल?"

"मग तुम्ही," मी यांच्यावर घसरले. "थट्टा म्हणून."

"मी? मला ती हातात धरता तरी येते का?"

मी वाकून पुन्हा पाहिलं, आणि मला जे दिसलं त्याने माझा संशय पक्काच झाला. "बघा, बघा! हिचाही मागचा डावा पाय नाही. चोर केवढा हुशार! लंगडीच्या जागी शोधून लंगडीच आणून ठेवली!"

सगळ्यांनी टाचणीकडून माझ्याकडे नजर वळवली. मला वाटलं माझ्या तपासाने सगळे थक्क झाले. तेवढ्यात मामंजी पुढे आले. अंगावर सोवळं होतं आणि भिंगाची डबी चामड्याची, म्हणून ते म्हणाले, "सूनबाई, भिंग काढा. माझ्या डोळ्यासमोर धरा."

मी धरलं. त्यांनी पाहिलं. माझा हात अवघडला तरी ते पाहतच राहिले. शेपटीच्या टोकाशी अजून थोडा लालसरपणा शिल्लक होता, संध्याकाळी भिंतीवर राहतो तेवढा.

"चोर नाही," ते म्हणाले. "तीच आहे."

"पण ती लाल होती!"

"लाल तिचं लहानपण. वाढली की हिरवी होते. दोन जाती नाहीत, एकच." त्यांनी पंच्याने कपाळ पुसलं. "तीन वर्षं मी पोरींसाठी नवरा शोधत होतो. वयातच आल्या नव्हत्या. आणि नवरा तर केव्हाचा शेजारच्या पात्यावर बसला होता."

"म्हणजे... नाव?" मला विचारायला नको होतं, पण विचारून गेले.

"नाव आहे तिला. कुणी एका साहेबाने कधीच देऊन ठेवलंय. पहिलं ते पहिलं."

मामंजी पाटावर बसले. माझ्याच त्या पाटावर, जिथे बसून मी स्थळं दाखवत होते. हे एकदा माझ्याकडे, एकदा वडिलांकडे बघत होते; एका किड्याचा रंग बदलला तर वडिलांचा चेहरा असा का व्हावा हे त्यांना उमजेना. मला उमजत होतं, पण काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून मी भिंग तसंच हवेत धरून उभी राहिले.

आत्याबाई सोवळ्यातच घंगाळाशी वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग आपल्या आलवणाचा पदर सारखा करत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "लाल होती, हिरवी झाली. जमलं बाई तिला."

आणि मागे वळून, "चला. भटजी येतील. भात टाकायचाय."

श्राद्धाला हे बसले. आई सवाष्ण गेली, म्हणून नवमीला मुलाने करायचं. बोटात दर्भाचं पवित्रक, तळहातावर पाणी. दरवर्षीचेच भटजी, त्यांना नाव-गोत्र पाठ. ते म्हणत म्हणत सासूबाईंच्या नावापर्यंत आले, ते तांदळात लिहिलेलं नाव उच्चारलं, आणि दारात उभे असलेले मामंजी म्हणाले, "थांबा."

भटजी थांबले. यांच्या तळहातावरचं पाणी गळायला लागलं.

मामंजींनी एक नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं. छोटंसं होतं, दोन अक्षरांचं.

"हे कुणाचं?" भटजींनी विचारलं.

"तिचंच."

"प्रोफेसरसाहेब, लग्नानंतरचं नाव घ्यायचं असतं. माहेरचं गेलं."

"गेलं नाही. खाली गेलं होतं. पहिलं दिलेलं नाव खरं, मागून दिलेली त्याच्याखाली. तसा नियम आहे."

"कुठल्या ग्रंथात?"

मामंजींनी पडवीकडे पाहिलं. "टाचण्यांच्या," ते म्हणाले.

भटजींनी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे, मी आत्याबाईंकडे. आत्याबाई चुलीशी, आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि त्यांची पाठ हलत होती. हसत होत्या की काय ते मला आजही सांगता येणार नाही.

"बाबा," हे हळूच म्हणाले, "आईचं असं नाव होतं? मला कुणी कधी सांगितलं नाही."

"मीही हाक मारली नाही कधी," मामंजी म्हणाले. "म्हण. एकदा म्हण."

यांनी ते नाव उच्चारलं, नवी चप्पल घालून पहिलं पाऊल टाकावं तसं. हात एव्हाना कोरडा झाला होता. भटजींनी पुन्हा पाणी घातलं, घसा साफ केला आणि तोडगा काढला, "असं करू, दोन्ही घेऊ. पोचायला अडचण नको."

"चालेल. पण पहिलं आधी."

"बरं. पहिलं आधी."

पान ठेवल्यावर कावळा लगेच शिवला असं मी लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण त्याने नेहमीइतकाच वेळ लावला. दोन नावं ऐकून त्यालाही प्रश्न पडला असावा.

जेवणं झाल्यावर मामंजींनी स्वतः मलमल काढली आणि टाचणी सोडली. उरलेले नवरेही सोडले. घंगाळ मी राखेने घासून आत्याबाईंपुढे ठेवलं. त्यांनी ते पुन्हा घासलं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी लाल टाचण्यांच्या घड्या हिरव्यांच्या पेटीत ठेवल्या, सगळ्यांवर त्या साहेबाचं नाव मोहरीच्या अक्षरात माझ्याकडून लिहून घेतलं, आणि मी या वेळी एकही चौकट जास्त मोजली नाही. त्यानंतर किती तरी पावसाळे आम्ही गोरव्याला गेलो. नवी टाचणी मामंजींना कधी मिळाली नाही. म्हशीवाला म्हातारा विचारायचा आणि मामंजी सांगायचे. पण दर नवमीला भटजी त्या जागी आले की आपणहून थांबायचे आणि मामंजींकडे बघून म्हणायचे, "पहिलं आधी, नाही का?"

त्याच वर्षी हिवाळ्यातल्या एका सकाळी मामंजींनी खोलीतून हाक मारली. मी डाळ निवडत होते. हाक पुन्हा आली, तरी मी डाळच निवडत होते. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं की कोण पाहुणी आली आहे. आत्याबाई म्हणाल्या, "अगं ठोंबे, तुलाच बोलावतोय." ते माझं माहेरचं नाव होतं. वर्षभरात मी ते असं विसरले होते, आणि मी म्हणे शाळेत पहिली यायचे!

आता नातवंडं विचारतात, आजी, तुझी दोन नावं, मग आम्ही पुढे श्राद्धाला कुठलं घ्यायचं? मी सांगते, पहिलं आधी. पहिलं कुठलं, ते मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. घेऊ देत थोडी जाळी हातात.